उरण: लोकल आली, आता राहायला जावं का?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरून खाडीपलीकडे दिव्यांची रांग दिसते, त्यातलं बरंचसं उरण तालुक्यात येतं. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल, दोन्हींचं लोकार्पण एकाच दिवशी झालं. तेव्हापासून या गावाबद्दल विचारणारी पत्रं वाढली आहेत. घर, प्रवास, नोकरी, मासळी, असं सगळंच लोक विचारतात. त्यातल्या निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न: माझी नोकरी दादरला आहे. डोंबिवलीतलं भाड्याचं घर सोडून उरणला स्वतःचं घेण्याचा विचार आहे. रोजचा प्रवास झेपेल का? (एक वाचक, डोंबिवली)

दादरसाठी म्हणाल तर उरण सोयीचं नाही, हे आधीच सांगतो. उरणहून लोकल थेट मुंबईला जात नाही. ती नेरूळ किंवा बेलापूरला संपते, तिथे उतरून हार्बरची गाडी धरायची. दादरला जायचं तर पुन्हा कुर्ल्याला उतरून मध्य रेल्वेची गाडी. म्हणजे दोन ठिकाणी गाडी बदलणं आलं. उरण ते नेरूळ चाळीस मिनिटांच्या आसपास, नेरूळ ते कुर्ला जवळपास तेवढाच वेळ, त्यात दोन्ही ठिकाणची वाट पाहणी धरली की स्टेशन ते स्टेशन पावणेदोन तास सहज होतात. डोंबिवलीहून तुम्ही आज चेंगरून का होईना, पण एका गाडीत दादरला उतरता.

दुसरी गोष्ट, या मार्गावर गाड्या मोजक्या आहेत. डोंबिवलीत 'ही गेली तर पुढची' ही सवय असते, ती इथे विसरावी लागते. घड्याळ लावून निघायचं आणि संध्याकाळी नेरूळला गाडी चुकली तर फलाटावर बसून राहायचं. घर बघायला जाल तेव्हा रविवारी दुपारी जाऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी सातला उरण स्टेशनवरून निघून स्वतः दादरला उतरून पाहा, आणि रात्री आठला तसेच परत या. दलाल 'सेतूवरून वीस मिनिटं' असं सांगेल. ती वीस मिनिटं फक्त पुलाची असतात.

सेतूचं म्हणाल, तर २१.८ किलोमीटरचा हा पूल शिवडीहून निघतो आणि चिर्ल्याला, म्हणजे उरण तालुक्यातच उतरतो. मात्र त्यावर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत. सुरू झाला तेव्हा मोटारीला एका फेरीचे २५० आणि जाऊन-येऊन ३७५ रुपये टोल होता. चौघांनी मिळून मोटार केली तर परवडतं, एकट्याच्या पगारात नाही.

नोकरी बेलापूर, नेरूळ, वाशी किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात असेल तर मात्र उत्तर उलट आहे. नेरूळला ठाण्याची ट्रान्सहार्बर गाडीही मिळते. विमानतळावर काम असणाऱ्यांनाही हा मार्ग सोयीचा आहे. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झाली आणि तरघर स्टेशन त्याच्या शेजारीच आहे. अशा लोकांनी उरण जरूर बघावं. मात्र उलवे (बामणडोंगरी, खारकोपर) आणि उरण यांतला फरक समजून घ्या. उलव्याचा मार्ग ११ नोव्हेंबर २०१८ पासून चालू आहे आणि मुंबईकडून ते आधी येतं, म्हणून तिथले भाव चढे. उरणला भाव कमी, पण शेवटचं स्टेशन असल्यामुळे सकाळी बसायला जागा हमखास. रोज चाळीस मिनिटं बसून जाणं ही काही लहान गोष्ट नाही.

प्रश्न: पूर्वी मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर जाणं सर्वांत सोपं होतं, असं सासरे सांगतात. आता लाँच मध्येच तीन-तीन तास बंद असते. असं का? आणि ती कधी बंद असेल हे आधी कळतं का? (एक वाचिका, उरण)

कळतं, आणि पंचांग असेल तर घरबसल्या कळतं.

मोरा बंदरात गाळ साचतो. ओहोटी पूर्ण लागली की धक्क्यालगत लाँच तरंगण्याइतकं पाणी उरत नाही, तळ चिखलात बसतो. मग पाणी चढेपर्यंत फेऱ्या थांबवतात. गाळ काढतात, पण खाडीचं पाणी मुळातच गढूळ. दोन-तीन पावसाळ्यांत तो पुन्हा भरतो. भाऊच्या धक्क्याकडे ही अडचण तितकी नाही, अडतं ते मोऱ्यालाच.

आता हिशेब. आपल्या किनाऱ्यावर कोळी लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला आठ गुणिले तीन भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे दुपारी आणि रात्री बाराच्या पुढेमागे पूर्ण ओहोटी. द्वितीयेला उत्तर दीड येतं. म्हणजे भरती दीडला आणि ओहोटी पावणेआठला. अर्ध्या तासाचा फरक इकडे-तिकडे धरा. वाऱ्यामुळे आणि पावसामुळे तो पडतोच.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो. भरती फार चढत नाही आणि पाणी फार उतरतही नाही. त्या दिवसांत लाँच बहुधा दिवसभर चालते. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस उधाणाचे. भरती सर्वांत मोठी आणि ओहोटीही सर्वांत खोल. आता वरचाच हिशेब लावा. प्रतिपदेपासून चतुर्थीपर्यंत ओहोटी कधी येते? सकाळी सात ते सव्वानऊ आणि संध्याकाळी तेवढ्याच वाजता. म्हणजे पाणी सर्वांत खाली जातं ते नेमकं चाकरमान्यांच्या वेळेला. सासऱ्यांच्या काळीही चंद्र हाच होता. वाढला तो गाळ.

तेव्हा प्रतिपदा ते चतुर्थी लोकल, आणि षष्ठी ते एकादशी लाँच, अशी विभागणी करून चालणारी मंडळी उरणात आहेत आणि ती शहाणी आहेत. मस्जिद बंदर, डॉकयार्ड, माझगाव इथे काम असेल तर तासाभराच्या आत धक्क्याला लावणारी लाँच अजूनही लोकलपेक्षा बरी. गेटवे-मांडवा सेवा पावसाळ्यात बंद होते, तशी मोऱ्याची पूर्ण बंद होत नाही. जोराचा वारा असला किंवा धोक्याचा बावटा लागला तरच थांबते, मात्र पावसाळी भाडं जास्त असतं. शेवटची लाँच कधी हे त्याच दिवशी धक्क्यावर विचारून घ्या. छापील वेळापत्रकावर उधाणाच्या दिवशी विसंबू नका.

अलिबागकडे माहेर असेल तर करंजाहून रेवसची लाँच आहे. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. रस्त्याने पेण-वडखळ फिरून जायचं तर अर्धा दिवस जातो. खाडीवर करंजा-रेवस पुलाचं काम हाती घेतलेलं आहे. तो होईपर्यंत लाँचला पर्याय नाही.

प्रश्न: द्रोणागिरी नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उरणजवळ आखलेल्या वसाहतीत, 'साडेबारा टक्क्यांच्या' भूखंडावरच्या इमारतीत फ्लॅट मिळतोय. दुसरा एक दलाल 'साडेबारा टक्क्यांची फाइल' घ्या म्हणतो, ती आणखी स्वस्त आहे. हे साडेबारा टक्के म्हणजे काय आणि यात फसायला कुठे होतं? (एक वाचक, परळ)

१९७० नंतर नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या. मोबदला तुटपुंजा होता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील हे जासईचेच. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची, ही योजना या लढ्यातून आली. भाव विचारण्याआधी हे माहीत असावं. हा भूखंड कुणाच्या तरी गेलेल्या शेताची उरलेली वाटणी आहे.

हातात किती येतं ते पाहा. एक एकर गेली, म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के ५ गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के कापून साडेतीन गुंठे, म्हणजे ३५४ चौरस मीटर. मूळ योजनेतल्या दीड चटईक्षेत्र निर्देशांकाने, म्हणजे भूखंडाच्या दीडपट, त्यावर ५३१ चौरस मीटर बांधकाम. एवढ्यात दहा-बारा फ्लॅट बसतात. म्हणून या इमारती लहान, चार-पाच मजल्यांच्या दिसतात. बिल्डर 'साडेबारा टक्क्यांवर चाळीस फ्लॅटची सोसायटी' म्हणाला तर भूखंड किती मोठा आहे, की अनेक भूखंड एकत्र केलेत, हे विचारा.

ही जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावरची आहे, मुदत ६० वर्षं. त्यामुळे कागदांची साखळी लागते ती अशी: मूळ शेतकऱ्याच्या नावचं सिडकोचं वाटपपत्र, मग भाडेपट्टा करार, मग शेतकरी, बिल्डर आणि सिडको यांचा त्रिपक्षीय करार, नंतर बांधकामाचं प्रारंभ प्रमाणपत्र, महारेरा नोंदणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. ही साखळी मधून तुटलेली असेल तर बँक कर्ज देत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेकडे कर्जाचा अर्ज टाकणं ही म्हणूनच सगळ्यांत स्वस्त तपासणी आहे. पैसे रोख असले तरी अर्ज टाका. 'आमच्या ठरलेल्या पतसंस्थेतूनच कर्ज घ्या' असं कोणी म्हणालं, तर साखळीत कुठेतरी कडी नाही हे समजून चाला.

घोटाळे मुख्यतः तीन ठिकाणी होतात.

पहिला वारसांचा. जमीन आजोबांच्या नावावर, वारस पंधरा. वाटप घेताना दोन भावांनी सह्या केल्या, बहिणींना विचारलंच नाही. इमारत उभी राहिल्यावर बहीण न्यायालयात जाते आणि तिचं म्हणणं बरोबर असतं. वारस दाखल्यावरची नावं आणि त्रिपक्षीय करारावरच्या सह्या समोरासमोर ठेवून मोजा. बहिणींची नावं असतील तिथे हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे का ते बघा. नुसती स्टँपपेपरवरची सही चालत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी हवी.

दुसरा 'फाइल'चा. फाइल म्हणजे अजून वाटपच न झालेला हक्क. ती मुखत्यारपत्रावर आणि साध्या करारावर विकतात. भूखंड कुठे मिळेल, किती मिळेल, कधी मिळेल, काहीच ठरलेलं नसतं. एकाच फाइलचे दोन-तीन खरेदीदार निघतात. मुखत्यारपत्रावरच्या विक्रीने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. फाइल हा पैशाची ऊब असलेल्या लोकांचा जुगार आहे. राहायला घर हवं असलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

तिसरा कांदळवनाचा, म्हणजे तिवरांच्या जंगलाचा. द्रोणागिरीचा बराच भाग खाजणाचा. काही भूखंड कागदावर सुंदर असतात आणि प्रत्यक्षात तिवराच्या झाडीत. हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही. अशा भूखंडाला वर्षानुवर्षं परवानगी मिळत नाही. जागेवर जाऊन उभे राहा. पायाखाली चिखलातून वर आलेले तिवरांचे खुंट दिसले, की पुढचं बोलणं थांबवा.

जुन्या गावठाणांभोवती गावकऱ्यांनी गरजेपोटी बांधलेली घरंही आहेत. ती त्यांच्या कुटुंबांच्या वाढीतून उभी राहिली आणि त्यांच्या नियमितीकरणाचा प्रश्न खरा आहे. पण त्याच नावाखाली बिल्डरने चार मजले चढवून विकायला काढलेला फ्लॅट वेगळा. त्याला भोगवटा प्रमाणपत्र नसतं आणि सगळा धोका खरेदीदाराचा.

प्रश्न: चिरनेर बाजूला दोन गुंठ्यांचा 'फार्महाऊस प्लॉट' घ्यावा का? (एक वाचक, ठाणे)

सातबारा तुमच्या एकट्याच्या नावे होणार की पन्नास जणांच्या सामाईक नावे, एवढाच प्रश्न विचारा. सामाईक असेल तर कुंपणाला कायद्यात अर्थ नाही. शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावाही लागतो. शिवाय उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं कर्नाळा-साई-चिरनेर या नव्या शहरासाठी एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) अखत्यारीत दिलेली आहेत. तुमचा प्लॉट रस्त्यात जाईल की बागेत, हे विकास आराखड्यावर ठरेल. घाई करू नका.

प्रश्न: द्रोणागिरीत पाणी भरतं असं ऐकलं. घर बघताना काय तपासायचं? पिण्याच्या पाण्याचं काय? (एक वाचिका, मुलुंड)

आधी पाणी का भरतं ते. इथली जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. पावसाचं पाणी एरवी नाल्यातून खाडीत जातं, पण भरतीच्या वेळी खाडीचं पाणी नाल्यापेक्षा वर असतं. म्हणून सिडकोने धारण तलाव ठेवले आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. झडप खाडीकडच्या बाजूलाच उघडते. भरती चढली की बाहेरच्या पाण्याचा दाब तिला बंद करतो, तेवढा वेळ पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून निघून जातं. खारेपाटातल्या शेतकऱ्याला यात नवीन काही नाही. त्याच्या बांधातली उघाडी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करते आहे.

ही रचना बिघडते ती दोन प्रकारे. तलावात गाळ साचतो आणि तिवरं उगवतात, त्यामुळे पाणी साठवायची जागाच कमी होते. तिवरं तोडायला न्यायालयाची परवानगी लागते, म्हणून सफाई रखडते. दुसरं म्हणजे झडपेत प्लास्टिक, लाकूड, थर्माकोल अडकतं आणि ती पूर्ण मिटत नाही. मग पाऊस नसतानाही उधाणाला खारं पाणी उलटं आत येतं. रस्त्यावर कोरड्या दिवशी पाणी दिसलं तर कारण हेच.

उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते हे वरच्या उत्तरावरून लक्षात आलंच असेल. जुलैतल्या पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, पाऊस असताना, दुपारी तिथे जा. तेव्हा ज्या गल्लीत पाणी नाही तिथे घर बघा. पावसाळा गेला असेल तर इमारतीच्या तळमजल्यावर भिंतीचा रंग बघा; गुडघ्याच्या उंचीला मळकट आडवी रेघ असेल तर तेवढं पाणी येऊन गेलं. विजेचे मीटर त्या रेघेच्या किती वर आहेत? लिफ्टच्या खड्ड्यात डोकावून पाहा, पाणी किंवा गंज दिसतो का. जमिनीखालच्या टाकीचं पाणी तोंडात घेऊन पाहा. मचूळ लागलं तर टाकीला चीर आहे आणि खाजणाचं पाणी आत झिरपतंय.

खाऱ्या हवेचाही विचार हवा. बाल्कनीच्या खालच्या बाजूला आणि खांबांच्या कोपऱ्यांवर तपकिरी ओघळ आणि बारीक उभ्या चिरा असतील तर आतली सळई गंजून फुगते आहे. पाच वर्षांच्या इमारतीत हे दिसलं तर सळईवर काँक्रीटचा थर कमी ठेवला आहे. वरून रंग मारला की सहा महिने झाकतं, म्हणून नुकत्याच रंगवलेल्या इमारतीत जिन्याखाली आणि गच्चीवरच्या टाकीखाली बघा. तिथे सहसा कोणी रंग मारत नाही.

पिण्याचं पाणी नोडला पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणातून सिडको देते. जुन्या उरण शहराला आणि बऱ्याच गावांना एमआयडीसीच्या रानसई धरणातून येतं. रानसई लहान आहे आणि गाळाने आणखी लहान झालंय. त्यामुळे उन्हाळ्यात पाणीकपात ठरलेली. शहरात घर घेत असाल तर मे महिन्यात आठवड्यातून किती दिवस पाणी आलं, हे खाली किराणा दुकानदाराला विचारा. बिल्डरला विचारून उपयोग नाही.

प्रश्न: मुलगा बारावी कॉमर्स झाला आहे. बंदरात 'काहीतरी लागेल' म्हणून लोक उरणला यायला सांगतात. नेमकं काय लागतं? (एक पालक, महाड)

न्हावा शेवा बंदर (जेएनपीटी) २६ मे १९८९ ला सुरू झालं आणि २०२४-२५ मध्ये तिथून ७३ लाखांच्या आसपास कंटेनर (वीस फुटी मापाने) हाताळले गेले. पण बंदराच्या फाटकाच्या आत नोकऱ्या थोड्या. क्रेन चालतात आणि माणसं कमी लागतात. काम मिळतं ते बाहेर: सीएफएसमध्ये, म्हणजे जिथे कंटेनर उघडून माल तपासतात, भरतात, उतरवतात, रिकाम्या कंटेनरच्या यार्डांत, आणि कस्टम्स ब्रोकरच्या, म्हणजे मालाची कस्टम्सची कागदपत्रं करून देणाऱ्या एजंटच्या, कचेऱ्यांत.

बारावी कॉमर्सला चांगली वाट ब्रोकरकडची. सुरुवात एच कार्डाने होते. ब्रोकर अर्ज करतो, कस्टम्स मंजुरी देतं, किमान शिक्षण बारावी. एच कार्डावर कस्टम्सच्या आवारात मदतनीस म्हणून काम करता येतं, कागदावर सही करता येत नाही. कामाचा अनुभव घेऊन कस्टम्सची परीक्षा दिली की जी कार्ड, त्यावर सही चालते. पगारात खरा फरक तिथे पडतो. म्हणून नोकरी घेताना पहिल्या महिन्याचा आकडा विचारण्याआधी 'एच कार्ड किती दिवसांत काढून देणार?' हे विचारा. कार्ड न काढता दोन-दोन वर्षं पोरांना कागद पोचवायला पळवणाऱ्या कचेऱ्या आहेत.

दुसरी वाट टॅली क्लार्कची. कंटेनर आला की नंबर, सील आणि अवस्था टिपायची. नंबरात चार अक्षरं आणि सात आकडे. त्यातला शेवटचा, चौकटीतला, हा पडताळणीचा आकडा असतो. आधीच्या दहा अक्षर-आकड्यांवरून तो गणिताने निघतो, त्यामुळे एक आकडा चुकला की संगणक लगेच नाकारतो. सीलचं तसं नाही. सीलचा नंबर चुकीचा टिपला तर कोणी अडवत नाही, आणि आठ दिवसांनी माल कमी निघाला की टॅली क्लार्कला धरतात. नवशिक्याने सीलचा फोटो काढण्याआधी ते हाताने ओढून पाहावं. चिकटवून बसवलेलं सील हातात येतं. काम पाळ्यांत चालतं, उन्हात आणि पावसात उभं राहून.

दलालाला पैसे देऊन 'पोर्टमध्ये परमनंट' असं काही नसतं. प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांचा हक्क वेगळा, तो दाखल्यावर मिळतो आणि दाखला विकत घेता येत नाही.

मुलाला दुचाकी घेऊन देणार असाल तर एक सांगणं आहे. पळस्पे-जेएनपीटी रस्त्यावर आणि गव्हाण फाटा, दास्तान फाटा, खोपटा या बाजूंना ट्रेलर रात्री रस्त्याकडेला उभे असतात, पुष्कळदा मागचा दिवा नसतो. अपघात होतात ते मागून धडकून किंवा डाव्या वळणावर. चाळीस फुटी ट्रेलर डावीकडे वळताना आधी उजवीकडे सरकतो, जागा मोकळी दिसते म्हणून दुचाकीवाला डावीकडून घुसतो आणि मागची चाकं आत येतात. ट्रेलरच्या डाव्या बाजूला कधीच थांबायचं नाही.

प्रश्न: करंजाला मासळी घ्यायला कधी यावं? (एक वाचिका, चेंबूर)

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा यांत्रिक होड्यांची ताजी मासळी मिळत नाही. बर्फातली किंवा बाहेरून आलेली असते. त्या काळात खाडीची घ्या: निवट्या, चिंबोऱ्या, नशीब असेल तर जिताडा. चिंबोरी अमावास्येच्या सुमाराची भरलेली लागते, पौर्णिमेची पोकळ, असं इथले लोक सांगतात आणि बाजारही त्यावरच चालतो. अंगठ्याने पोटाच्या कडेला दाबा, दबली तर परत ठेवा. सुकी मासळी एप्रिल-मेमध्ये, पहिल्या वळवाच्या आधी. जवळा मुठीत घेऊन सोडा. तळव्याला वाळू राहिली तर तो जमिनीवर वाळवलेला, आणि चिकटला तर ओला. सुका बोंबील वाकवल्यावर काडकन मोडला पाहिजे. घरी नेल्यावर एकदा कडक ऊन देऊन मगच डब्यात भरा.

प्रश्न: पाणजे पाणथळीवर फ्लेमिंगो बघायला दोनदा गेलो, एकही दिसला नाही. (एक वाचक, पुणे)

ओहोटीला गेला असाल. ओहोटीत रोहित पक्षी खाडीच्या उघड्या चिखलावर चरायला पांगतात आणि भरतीने चिखल बुडाला की पाणथळीवर विसाव्याला येतात. नोव्हेंबर ते मे या काळात, वर दिलेल्या तिथीच्या हिशेबाने, भरतीच्या अर्धा तास आधी पोचा. उन्हाचा विचार करता अष्टमी ते दशमीची सकाळ बरी. पाणथळ कोरडी दिसली तर भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजलेल्या असतात. तशा दिवशी थांबून उपयोग नाही.

प्रश्न: शाळेची एक दिवसाची सहल उरणला न्यायची आहे, घारापुरी सोडून. काय दाखवावं? (एक शिक्षिका, पेण)

पेणहून येताना आधी चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० ला इथे अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांच्या गोळीबारात आठ जण हुतात्मा झाले. स्मारक गावात आहे, महागणपतीचं देऊळ जवळच. तिथून जासईला जाऊन १९८४ च्या हुतात्म्यांचं स्मारक. दोन्ही लढे शेतकऱ्यांचे, मध्ये त्रेपन्न वर्षं. मुलांना दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न द्या: जंगल किंवा जमीन गेली तर घरात काय काय बंद पडतं? दुपारी पिरवाडीच्या किनाऱ्यावर डबे खा. तिथे दगडांवर शेवाळ असतं, म्हणून मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. मिठागर दाखवायचं तर सहल मार्च-एप्रिलमध्ये ठेवा, तेव्हा मीठ ओढण्याचं काम चालू असतं. मालकाची परवानगी आधी घ्या आणि वाफ्यांच्या बांधांवरून एका रांगेत चालवा. ओला बांध पायाखाली ढासळला तर त्या वाफ्यातलं पाणी वाहून जातं आणि मीठ धरायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.